अमेरिकेत मेरिट चालतं ना, मग त्या बाई असिस्टंट प्रोफेसरच का राहिल्या?

विचारणाऱ्यांची मुलगी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करतेय. पहिल्या वर्षी जिने तिला हाताला धरून शिकवलं त्या ब्लॅक डॉक्टर बाई बरीच वर्षं असिस्टंट प्रोफेसरच राहिल्या आणि आता मेडिकल स्कूल सोडून बाहेर एका ग्रुप प्रॅक्टिसमध्ये गेल्या. डिपार्टमेंटमध्ये कुजबुज अशी की त्यांना रिसर्च झेपला नाही. तर प्रश्न असा, की अमेरिकेत मेरिट चालतं म्हणतात, आपली भारतीय मंडळी कुठल्या कुठे पोचली, मग यांचंच घोडं कुठे अडतं, आणि मुलीने या भानगडीपासून लांबच राहावं का.

मी इथे एका मेडिकल स्कूलमध्ये नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीचे आजार, शिकवते आणि प्रमोशन कमिटीवर बरीच वर्षं बसलेय, त्यामुळे या फाइली आतून बघितल्यात. मी ब्लॅक नाही, त्यांच्या वतीने बोलायला मला कुणी नेमलेलं नाही, पण हिशोब कसा मांडतात ते मला पक्कं माहितीये आणि खरी मेख तिथेच आहे.

मेरिट चालतं हो, नाही कोण म्हणतंय. पण मेरिट म्हणून मोजतात काय ते आधी बघा. असिस्टंटचं असोसिएट, म्हणजे फुल प्रोफेसरच्या आधीची पायरी, व्हायचं तर फाइलमध्ये लागतं काय, तर पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले पेपर, एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची ग्रँट, बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांकडून लेक्चरची बोलावणी, आणि पाच-सहा मोठ्या लोकांची पत्रं ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही पण तुमचं नाव त्यांना माहीत आहे. बास. क्लिनिशियन-एज्युकेटर, म्हणजे पेशंट बघणं आणि शिकवणं हेच मुख्य काम असलेल्या, ट्रॅकवर थोडी सूट असते पण तिथेही शेवटी 'नॅशनल रेप्युटेशन' दाखवा म्हणतातच. आणि याच फाइलमध्ये शेवटी शेवटी एक भाग असतो, सर्व्हिस. ॲडमिशन कमिटी, डायव्हर्सिटी कमिटी, विद्यार्थ्यांना सल्ला, वस्तीतलं फ्री क्लिनिक, हायस्कूलच्या मुलींना हॉस्पिटल दाखवणं, हे सगळं तिथे जातं. तो भाग कुणी वाचत नाही असं नाही, वाचतात, कौतुक करतात आणि पान उलटतात.

आता एका डिपार्टमेंटमध्ये शंभर फॅकल्टी आणि त्यात ब्लॅक बाई एक, फार तर दोन, असं धरा. हे मी उगाच नाही म्हणत, देशात ब्लॅक लोक साधारण १३-१४ टक्के, डॉक्टरांमध्ये ६ टक्क्यांच्या आत, मेडिकल स्कूलच्या फुलटाइम फॅकल्टीत ४ टक्क्यांच्या आसपास, आणि फुल प्रोफेसरांमध्ये ब्लॅक बायका १ टक्कासुद्धा नाहीत. आणि डीनच्या ऑफिसचा नियम काय, तर प्रत्येक कमिटीवर विविधता हवी. झालं. नवीन माणसं निवडायची सर्च कमिटी आली की तिला बोलवा, ॲडमिशनचे इंटरव्ह्यू आले की तिला बोलवा, ब्रोशरसाठी फोटो काढायचाय तर तिलाच बोलवा. ब्लॅक विद्यार्थिनी रडत येते, कुणीतरी तिला काहीतरी बोललेलं असतं, ती कुणाकडे जाणार? चेअरमनकडे तर नक्कीच नाही. ती संध्याकाळी पाच वाजता या बाईंच्या दारावर टकटक करते आणि पाच ते साडेसहा हा वेळ जो पेपर लिहायचा होता तो गेला. शेजारच्या खोलीतला गोरा सहकारी वाईट माणूस नाही हो, पण त्याच्या दारावर कुणी टकटक करत नाही म्हणून त्याचा पेपर होतो. याला इथे मायनॉरिटी टॅक्स म्हणतात आणि तो खरोखर टॅक्ससारखाच पगारातून आधीच कापला जातो, फक्त परतावा कुठे भरायचा ते कुणी सांगत नाही.

कमिटीत काय होतं तेही सांगते. फाइल उघडते, कुणीतरी म्हणतं, 'शी इज अ वंडरफुल सिटिझन ऑफ द डिपार्टमेंट.' हे वाक्य ऐकलं की मी समजते, गेली फाइल. पुढचा म्हणतो, पण इंडिपेंडंट रिसर्च दिसत नाही. तिसरा म्हणतो, एक वर्ष थांबू, अजून स्ट्राँग होऊन येऊ दे. सगळे सभ्य, सगळे मनापासून बोलणारे, कुणीही वर्णद्वेषी शब्द काढत नाही. आणि ज्या चेअरमनने तिला त्या सगळ्या कमिट्यांवर स्वतः बसवलं तोच पत्रात लिहितो की स्कॉलरशिपला जरा जास्त वेळ द्यायला हवा होता. आता हसावं का रडावं सांगा. पत्रांची भाषा पण बघण्यासारखी असते, एकाला 'ब्रिलियंट', 'आउटस्टँडिंग', आणि हिला 'हार्डवर्किंग', 'कंपॅशनेट', 'नेहमी मदतीला तयार'. दोन्ही कौतुकच, पण प्रोफेसरकी पहिल्याने मिळते.

तुम्ही म्हणाल मग नाही म्हणावं ना तिने. म्हणते की. पण नाही म्हटलं की 'टीम प्लेअर नाही', आणि जरा ठासून म्हटलं की 'अँग्री'. चिडकी ब्लॅक बाई हा इथला इतका जुना शिक्का आहे की तीच गोष्ट गोरा सर्जन टेबल आपटून बोलला तर 'पॅशनेट' ठरतो. त्यामुळे यातल्या बऱ्याच जणी आवाज, चेहरा, ईमेलमधला शब्द न् शब्द दिवसभर तोलत बसतात, आणि हे तोलणं पण कामच आहे, त्याचे तास कुणी धरत नाही.

वॉर्डातलं सांगते, कारण तुमच्या मुलीने हे बघितलेलं असणारच. राउंड चाललाय, अटेंडिंग, म्हणजे टीमची मुख्य डॉक्टर, ब्लॅक बाई, गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट, कोटावर नाव, गळ्यात स्टेथो, बॅजखाली मोठ्या अक्षरात 'डॉक्टर' लिहिलेली पट्टी. पेशंट सगळं बोलतो ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या गोऱ्या मुलाकडे बघून. निघताना पेशंटची बायको बाईंना म्हणते, जाता जाता हा जेवणाचा ट्रे घेऊन जाल का. काही जणी हसून ट्रे उचलतात, कारण समजावत बसलं तर पाच मिनिटं जातात आणि अजून डझनभर पेशंट बाकी असतात. काही जणी शांतपणे म्हणतात, मी तुमची डॉक्टर आहे, ट्रेसाठी कुणाला तरी पाठवते. दोन्ही बरोबर. मला राग येतो तो बाजूला उभ्या राहणाऱ्यांचा, जे बुटांकडे बघत बसतात. २०१६ मध्ये टमिका क्रॉस नावाच्या ब्लॅक डॉक्टरने विमानात बेशुद्ध पडलेल्या माणसाला मदत करायला हात वर केला तर एअर होस्टेसने तिला सांगितलं की आम्हाला खरा डॉक्टर हवाय. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि मग एअरलाइनने नियम बदलले. हॉस्पिटलमध्ये हे रोज होतं, गदारोळ होत नाही.

केसांचं तर विचारूच नका. वेण्या किंवा लॉक्स, म्हणजे पिळलेल्या जटा, असल्या की ओटीतली साधी टोपी त्यात मावत नाही, मग स्वतःच्या कापडी टोप्या शिवून आणा आणि मग इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांशी वाद घाला. इंटरव्ह्यूला केस सरळ करून जावं की नाही यावर मुली मला सल्ला विचारतात, एमडी झालेल्या मुली. केसांवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ मध्ये, म्हणजे अगदी परवा.

हे सगळं नवीन नाही हे कळायला एकच नाव पुरे, पॅट्रिशिया बाथ. डोळ्यांच्या डॉक्टर, मोतीबिंदू लेझरने काढायच्या उपकरणाचं पेटंट १९८८ मध्ये त्यांच्या नावावर झालं. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला यूसीएलएच्या जूल्स स्टाइन आय इन्स्टिट्यूटच्या नेत्रविभागात पहिली बाई फॅकल्टी म्हणून रुजू झाल्या तर त्यांना ऑफिस दिलं ते तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांच्या शेजारी. त्यांनी आरडाओरडा केला नाही, ही जागा योग्य नाही एवढंच सांगितलं, दुसरी खोली मिळवली आणि कामाला लागल्या. १९८३ मध्ये ड्रू-यूसीएलएच्या नेत्ररोग रेसिडेन्सी प्रोग्रामच्या प्रमुख झाल्या, अमेरिकेत अशा पदावर बसलेली पहिली बाई. अलेक्सा कॅनडी, १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या ब्लॅक महिला न्यूरोसर्जन झाल्या, त्यांच्या इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी एका बड्या अधिकाऱ्याने जाता जाता शेरा मारला की ही आपली नवीन इक्वल ऑपॉर्च्युनिटीवाली दिसते. आपल्याकडच्या वाचकांना याचं वेगळं भाषांतर करून द्यायला नको, 'कोट्यातली का' हे आपल्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये किती सहज विचारलं जातं ते आपण सगळे जाणतो, आणि खेदाची गोष्ट म्हणजे तेच वाक्य सामानात बांधून आपले काही लोक इथे घेऊन येतात आणि इथल्या ब्लॅक सहकाऱ्यांबद्दल डॉक्टर्स लाउंजमध्ये वापरतात. मी ऐकलंय.

आता रिसर्च झेपला नाही या कुजबुजीकडे येते, कारण मला वाटतं तुमचा खरा अडलेला मुद्दा तो आहे.

एनआयएचच्या ग्रँटवर २०११ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की शिक्षण, पेपर, संस्था सगळं लक्षात घेतल्यावरसुद्धा ब्लॅक संशोधकाला मुख्य ग्रँट मिळण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा १० टक्के-पॉइंटने कमी. मग २०१९ मध्ये दुसरा अभ्यास आला आणि त्यात एक कारण सापडलं, विषय. ब्लॅक संशोधक माणसांवरचे, वस्त्यांवरचे, आरोग्यातल्या विषमतेवरचे विषय जास्त घेतात आणि त्या विषयांना मुळात पैसे कमी मिळतात, तफावतीतला पाचवा हिस्सा नुसत्या विषयामुळे. म्हणजे बघा, आपल्या लोकांना जो आजार होतो त्याचा अभ्यास करायला जावं तर ग्रँट नाही, आणि ग्रँटवाला विषय घ्यावा तर मग या आजाराचा अभ्यास करणार कोण.

सिकलसेलचं, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, उदाहरण घ्या. मॅरिलिन गॅस्टन १९६४ मध्ये फिलाडेल्फियात इंटर्न असताना रात्री एक बाळ आलं, हात सुजलेला, फ्रॅक्चरही नाही. सीनियरने सुचवलं म्हणून सिकलसेलची तपासणी केली तर तेच निघालं. आपल्याला हे सुचलंच नाही ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी या एका आजाराला दिली. १९८६ मध्ये त्यांचा अभ्यास आला की लहान बाळांना रोज पेनिसिलिन दिलं तर जीव घेणारं इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी कमी होतं, फरक इतका स्पष्ट की ट्रायल मुदतीआधी थांबवली. त्यावरून अमेरिकेत जन्मलेल्या बाळांची सिकलसेल तपासणी राज्याराज्यांतून सुरू झाली. आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागात हाच आजार आहे आणि तिथल्या बाळांना दिलं जाणारं पेनिसिलिन त्याच अभ्यासाच्या पुण्याईवर. आणि ही सगळी कामगिरी ज्या आजारावर झाली तो अमेरिकेत 'ब्लॅक लोकांचा आजार' म्हणून दशकानुदशकं पैशाच्या रांगेत मागे उभा, सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं बिघडवणारा आनुवंशिक आजार गोऱ्यांमध्ये जास्त, पेशंट कितीतरी कमी आणि दर पेशंटमागे पैसा कितीतरी जास्त.

माझ्या स्वतःच्या विषयातलं तर मी समोर घडताना बघितलं. किडनी किती काम करते ते आपण रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतो, ईजीएफआर. १९९९ पासूनच्या सूत्रात पेशंट ब्लॅक असेल तर उत्तराला साधारण १.२ ने गुणायचे, २००९ च्या सूत्रात १.१६ ने. का, तर म्हणे त्यांचे स्नायू जास्त असतात. लॅबच्या रिपोर्टवर दोन आकडे छापून यायचे, ब्लॅक असेल तर हा, नसेल तर तो, आणि आम्ही गपगुमान त्यातला एक निवडायचो. परिणाम काय, तर ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागायला ईजीएफआर २० किंवा त्याखाली यावा लागतो, आणि गुणाकारामुळे ब्लॅक पेशंटचा आकडा कागदावर २३ दिसायचा, म्हणजे किडनी तेवढीच खराब असून तो रांगेच्या बाहेर. यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या नेफ्रॉलॉजिस्ट व्हनेसा ग्रब्ज यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, न्वामाका एनेआन्या यांनी २०१९ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकांबरोबर लेख लिहिला, दोघी ब्लॅक, आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजा-कॉलेजात प्रश्न विचारून प्रोफेसरांना भंडावून सोडलं. तेव्हा कॉन्फरन्समध्ये अनेक थोर मंडळी काय म्हणायची, की हे सायन्स नाही, हे ॲक्टिव्हिझम आहे. २०२१ मध्ये नवीन सूत्र आलं, वंशाचा गुणाकार काढून टाकला. २०२३ पासून ट्रान्सप्लांट सेंटर्सना सक्ती झाली की जुन्या सूत्रामुळे ज्या ब्लॅक पेशंट्सचा वेटिंगचा काळ बुडाला तो त्यांना परत द्या. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर आता ईजीएफआरखाली 'सीकेडी-ईपीआय २०२१' असं छापलेलं असतं, ते हेच.

तर रिसर्च झेपला नाही म्हणणाऱ्यांना विचारायला हवं की कुठला रिसर्च. जे काम हजारो लोकांना यादीत परत घेऊन आलं ते सुरुवातीची कित्येक वर्षं फाइलमध्ये सर्व्हिस किंवा 'ॲडव्होकसी' म्हणून पडून असतं.

आता आपली मंडळी कशी पोचली. या मुद्द्यावर मला जरा लांबण लावावी लागेल.

१८९५ मध्ये ब्लॅक डॉक्टरांनी स्वतःची नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली कारण अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अनेक स्थानिक शाखा त्यांना आत घेत नव्हत्या, आणि सदस्य नाही म्हणजे बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलात पेशंट ॲडमिट करायचा हक्क नाही. दक्षिणेत हे १९६० च्या दशकापर्यंत चाललं, एएमएने माफी मागितली ती २००८ मध्ये. मधेच १९१० चा फ्लेक्सनर रिपोर्ट, ज्याने अमेरिकेचं वैद्यकीय शिक्षण सुधारलं म्हणून आपण सगळे शिकतो. सुधारलं, खरंय. पण त्या वेळी ब्लॅक डॉक्टर घडवणारी कॉलेजं होती सात, त्यातली पाच बंद पडली आणि उरली दोन, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. पुढची पन्नासेक वर्षं देशातले बहुतेक ब्लॅक डॉक्टर याच दोन दारांतून आले. ती पाच चालू राहिली असती तर किती डॉक्टर जास्त तयार झाले असते याचा अंदाज २०२० मध्ये काहींनी मांडला, ३५ हजारांच्या घरात. म्हणजे तेवढे डॉक्टर आई-बाप, मावश्या, काका, शिक्षक झालेच नाहीत.

आणि आपण? १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला, त्याच वर्षी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आलं, हॉस्पिटलांना डॉक्टर पाहिजे होते. मेडिकेअरचा पैसा हवा तर काळे-गोरे वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत ही अट १९६६ पासून लागू झाली, ती अट ज्यांनी रस्त्यावर मार खाऊन मिळवली त्यांच्यामागून आपण विमानाने उतरलो. आपलं एमबीबीएस सरकारी कॉलेजात, फी नाममात्र, डोक्यावर कर्ज नाही, आणि येणारे सगळे आधीच परीक्षांच्या चाळणीतून गेलेले, बहुतेक शिकलेल्या घरातले. आपल्याला त्रास झाला नाही असं नाही, उच्चारांवरून हसले, चांगल्या रेसिडेन्सी मिळाल्या नाहीत, हे सगळं मी पण काढलंय. पण आपण शर्यतीत मधूनच दाखल झालो आणि ज्यांना शंभर वर्षं स्टेडियमच्या बाहेर ठेवलं त्यांना विचारतोय की तुम्ही मागे कसे.

यात एक धागा आपल्याला फारसा माहीत नसतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, फिलाडेल्फियाचं वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, तिथूनच १८६७ मध्ये रिबेका कोल झाल्या होत्या, अमेरिकेतल्या दुसऱ्या ब्लॅक महिला डॉक्टर. पहिल्या रिबेका ली क्रम्पलर, १८६४, बॉस्टनहून. आनंदीबाईंच्या नंतर त्याच कॉलेजात एलायझा ग्रायर आल्या, जन्म गुलामीत, फीचे पैसे नाहीत म्हणून एक वर्ष शिकायचं आणि एक वर्ष कापूस वेचायचा असं करत १८९७ मध्ये डिग्री घेतली. आपण आनंदीबाईंचं नाव शाळेत घोकलं, त्याच कॉलेजातल्या या बायकांचं नाव मात्र मला अमेरिकेत येऊनसुद्धा फार उशिरा कळलं.

ज्या पोचल्या त्या कशा पोचल्या हे पण बघा, कारण तिथे एक पॅटर्न दिसतो. जेन राइट, केमोथेरपीच्या सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव, वडील हार्लेम हॉस्पिटलचे नामांकित सर्जन लुई राइट, त्यांच्याच कॅन्सर रिसर्च फाउंडेशनमध्ये त्या कामाला लागल्या. १९६४ मध्ये आज जगभरचे कॅन्सरचे डॉक्टर ज्या अस्को संस्थेला मानतात तिच्या सात संस्थापकांमध्ये त्या एकट्या बाई, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजच्या असोसिएट डीन. डोरोथी ब्राउन अनाथालयात वाढल्या, मेहॅरीत शिकल्या, बाईला सर्जरी झेपणार नाही असं सगळे सांगत असताना मेहॅरीचे चीफ मॅथ्यू वॉकर यांनी त्यांना ट्रेनिंगला घेतलं आणि त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पहिल्या ब्लॅक महिला सर्जन झाल्या. दोघींची हुशारी शंभर टक्के त्यांची स्वतःची, पण दोघींच्या बाजूला एक माणूस होता ज्याच्या हातात खुर्ची द्यायचा अधिकार होता. सल्ला देणारे मेंटॉर इथे पैशाला पासरी मिळतात, बंद खोलीत तुमचं नाव पुढे करणारा स्पॉन्सर मिळत नाही, आणि तो बहुतेक वेळा ज्याच्यात स्वतःचं तरुणपण दिसतं त्यालाच पुढे करतो. मेडिकल स्कूलच्या डीनच्या खुर्चीवर ब्लॅक बाई पहिल्यांदा बसली ती १९९३ मध्ये, ओहायोत, बार्बरा रॉस-ली.

सोडून जाण्याबद्दल. सोडून जाणाऱ्या हरल्या असं मी तरी मानत नाही. न्यूयॉर्कच्या उशे ब्लॅकस्टॉक, आईही हार्वर्डची डॉक्टर आणि ही आणि हिची जुळी बहीणही हार्वर्डचीच, म्हणजे घराण्याची कमतरता म्हणावी तर तीही नाही, फॅकल्टीची नोकरी सोडून बाहेर पडल्या आणि २०२० च्या सुरुवातीला जाहीरपणे लिहिलं की माझ्यासारख्या का जातायत. तो लेख आमच्या मजल्यावर सगळ्यांनी वाचला आणि दोन आठवडे चर्चा केली, मग काय, एक टास्क फोर्स नेमला आणि त्याच्या अध्यक्षपदी कुणाला बसवलं असेल ते ओळखा.

आत्ताची हवा तर अजून अवघड. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंश विचारात घेण्यावर बंदी आणली, २०२४ मध्ये मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला आलेले ब्लॅक विद्यार्थी आदल्या वर्षीपेक्षा ११.६ टक्क्यांनी कमी. २०२५ मध्ये डायव्हर्सिटीच्या विरोधात सरकारी आदेश आले, ऑफिसांच्या पाट्या बदलल्या, आरोग्यातल्या विषमतेवरच्या एनआयएच ग्रँटा मधूनच बंद झाल्या. गंमत म्हणा किंवा चेष्टा म्हणा, ज्या बाईंना दहा वर्षं तुम्ही हेच काम करा म्हणून त्या ऑफिसात बसवलं त्यांना आता सांगतात की ते काम सीव्हीवर जरा कमी दिसेल असं बघा.

आता तुमची मुलगी. लांब राहायचं का, तर कशापासून लांब? हे तिच्या वॉर्डातच आहे. तिला फार मोठं काही करायचं नाहीये, राउंडवर पेशंट दुसरीकडे बघून बोलायला लागला की 'या आमच्या अटेंडिंग, निर्णय यांचा' एवढं एक वाक्य तिने म्हणायचं, तेही लगेच, नंतर कॉरिडॉरमध्ये येऊन सॉरी म्हणण्याचा काही उपयोग नसतो. ओळख करून देताना सगळ्यांना डॉक्टर अमुक म्हणायचं, बाईंना पहिल्या नावाने आणि पुरुषाला डॉक्टर असं नाही, हे आपल्याही मुलींच्या बाबतीत होतं तेव्हा कळतंच. ग्रँड राउंडला, म्हणजे डिपार्टमेंटच्या मोठ्या लेक्चरला, कुणाला बोलवायचं असं रेसिडेंट्सना विचारतात तेव्हा नाव सुचवायचं, बाहेरचं बोलावणं हे फाइलमध्ये मोजलं जातं. आणि ती स्वतः पुढे अकॅडमिक्समध्ये जाणार असेल तर नोकरी घेताना प्रोटेक्टेड टाइम, म्हणजे फक्त रिसर्चसाठी राखून ठेवलेला वेळ, लेखी घ्यायचा, किती टक्के, किती वर्षं, सगळं ऑफर लेटरमध्ये, तोंडी आश्वासनावर जायचं नाही. के अवॉर्ड या एनआयएचच्या नवोदित संशोधकांसाठीच्या ग्रँटला बहुतेक ठिकाणी ७५ टक्के वेळ रिसर्चला द्यावा लागतो, तो वेळ कुणाच्या कमिटीने खाल्ला तर ते कागद दाखवून बोलता येतं. हे मी ब्लॅक मुलींना आधी सांगते, पण सगळ्याच मुलींना लागू आहे.

आणि त्या बाईंचं एक. त्या गेल्या म्हणजे संबंध संपला असं मुलीने धरू नये. फेलोशिपचे, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या सुपर-स्पेशालिटी ट्रेनिंगचे, अर्ज उन्हाळ्यात, जुलैच्या सुमाराला जातात, तिचं काम ज्यांनी सगळ्यात जवळून बघितलं त्यांचं पत्र सगळ्यात जास्त वजनाचं असतं आणि पत्र लिहिणारी व्यक्ती आता युनिव्हर्सिटीत नाही एवढ्याने ते बाद होत नाही. पहिल्या परिच्छेदात त्यांनी 'मी अमुक साली इथे फॅकल्टी असताना हिला इतके महिने वॉर्डात शिकवलं' एवढं लिहिलं की पुरे. फक्त लवकर मागायला सांगा, नवीन प्रॅक्टिसमध्ये पहिले सहा महिने श्वास घ्यायला फुरसत नसते, सोबत सीव्ही आणि कुठल्या केसेस बरोबर केल्या त्याची यादी पाठवायला सांगा, म्हणजे त्यांना रात्री बसून आठवत बसायला नको.